ग्वादालूप पीकवर मुक्काम करायचा, पण हवामानाचा भरवसा नाही: आखणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसमध्ये राहणारं मराठी जोडपं आणि त्यांची १६ वर्षांची मुलगी. मार्चच्या सुट्टीत ग्वादालूप पीकवर, म्हणजे टेक्ससमधल्या सगळ्यांत उंच डोंगरावर, एक रात्र तंबूत काढायची आहे. राजगड, रतनगड, हरिश्चंद्रगड करून झालेत, वाळवंटातला डोंगर मात्र पहिलाच. निघायला पाच दिवस उरलेत. एक ॲप दोन्ही दिवस लख्ख ऊन दाखवतंय, दुसरं रात्री बर्फाची शक्यता सांगतंय आणि तिसरं नुसतंच ‘विंडी’ म्हणतंय. जावं का? मुलीला झेपेल का? आणि गेलो तर तयारी काय?

जा. पण शिखराखालच्या कॅम्पवरच राहायचं असं आज ठरवून टाकू नका. ‘हवामान चांगलं असेल का?’ या प्रश्नाला पाच दिवस आधी कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या हातात आहे ते वेगळंच: वाऱ्याच्या किती वेगाला कुठे राहायचं, कुठे राहायचं नाही, आणि कोणत्या आकड्याला गाडीतूनच उतरायचं नाही, हे घरी बसून, डोकं शांत असताना लिहून ठेवणं. आठ तास गाडी हाकून पोचल्यावर माणूस स्वतःशी वाद घालत बसतो, आणि त्या वादात शिखरच जिंकतं.

तीन ॲप तीन गोष्टी का सांगतात ते आधी पाहू. फोनमधलं ॲप बहुतेक वेळा जवळच्या गावाचा अंदाज देतं. इथलं असं गाव म्हणजे व्हॅन हॉर्न, ते साधारण ४,००० फुटांवर आहे. तुमचा कॅम्प ८,१०० फुटांच्या आसपास, शिखर ८,७५१ फूट. दर हजार फुटांना सुमारे साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतात, असा ढोबळ हिशेब धरला तर गावातले ५० अंश तुमच्या तंबूपाशी ३६ होतात. ही झाली वारा नसतानाची गोष्ट. म्हणून ॲप बाजूला ठेवा आणि नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर जाऊन नकाशात थेट शिखरावर क्लिक करा. त्या चौकटीची सरासरी उंची किती धरली आहे हे तिथेच लिहिलेलं असतं, ते वाचा. या डोंगराचा अंदाज मिडलंड-ओडेसाचं कार्यालय देतं आणि ७,००० फुटांवरच्या भागासाठी वाऱ्याचा इशारा वेगळा काढतं. त्याच कार्यालयाचं ‘फोरकास्ट डिस्कशन’ दिवसातून निदान दोनदा येतं. भाषा जरा तांत्रिक असते, पण अंदाज बांधणारा माणूस स्वतःच्या अंदाजाबद्दल किती साशंक आहे हे तिथे सरळ कळतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे. पाच दिवस आधी त्यातून एवढंच शोधा की पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा येतोय का, आणि आला तर कोणत्या दिवशी. वाऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तो ४८ तासांच्या आत. सकाळ-संध्याकाळचे अंदाज शेजारी लिहीत गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. आकडा दर वेळी थोडा थोडा वाढत असेल, तर तो प्रत्यक्षात त्याहून वर जाईल असं धरून चालावं.

आता वारा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरचा अंदाज नेमका इथे चुकतो. आपल्याकडे वाईट हवामान म्हणजे पाऊस आणि धुकं. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. ग्वादालूपमध्ये मार्चचं वाईट हवामान बहुतेकदा निरभ्र असतं. वसंतात वरच्या थरांतले पश्चिमी वारे अजून दक्षिणेकडे असतात. पश्चिमेला सॉल्ट फ्लॅटचं मिठागर आहे, सुमारे साडेतीन ते पावणेचार हजार फुटांवरचं सपाट खोरं. त्यावरून मोकळा सुटलेला वारा या डोंगराच्या उभ्या भिंतीवर आदळतो, माथ्यावरून आणि खिंडीतून दाबून निघतो आणि पूर्वेच्या उतारावर लाटेसारखा खाली कोसळतो. तुमची गाडी, पायवाट आणि कॅम्प सगळं त्या पूर्वेच्या बाजूला. हवा कोरडी, त्यामुळे ढग नाही, पाऊस नाही. ॲपवर सूर्य हसत असतो आणि वर ताशी ५०-६० मैलांचे झोत चालू असतात. हिवाळ्यात आणि वसंतात हे अपवादाने घडणारं नाही.

रात्री वारा पडेल हेही गृहीत धरू नका. मैदानात सूर्य मावळला की वारा मंदावतो. डोंगरावरून कोसळणाऱ्या वाऱ्याला तो नियम लागू नाही, कित्येकदा मध्यरात्रीनंतर त्याचा जोर वाढतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० चा ६० झाला तर तंबूवरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. माझ्या मर्यादा मी तुम्हाला सांगतो. तुमच्यासोबत मुलगी आहे आणि जागा नवीन आहे, तेव्हा याहून सैल करू नका. अंदाजात झोत ताशी ३० मैलांच्या आत असतील तर शिखराखालच्या कॅम्पवर राहायला हरकत नाही. ३० ते ४५ असतील तर मुक्काम झाडीतल्या कॅम्पवर. ४५ च्या वर गेले तर वर मुक्काम नाहीच. आणि ‘हाय विंड वॉर्निंग’ लागली असेल तर कड्याच्या वाटेवर दिवसाही जायचं नाही. हे आकडे झोतांचे आहेत, सरासरी वेगाचे नाहीत. अंदाजात दोन्ही दिलेले असतात आणि माणूस सोयीने लहान आकडा वाचतो.

जागांचा हिशेब मग असा लागतो. ग्वादालूप पीक कॅम्प पाइन स्प्रिंग्सपासून, म्हणजे पायथ्याला जिथून वाट सुरू होते तिथून, ३.१ मैलांवर आहे, शिखर तिथून जेमतेम मैलभर. तंबूच्या जागा पाचच, आडोसा नावाला. तिथे राहण्याचं खरं कारण एकच, ते म्हणजे शिखरावरून सूर्योदय. तो मनात नसेल तर एवढं ओझं तिथवर वाहण्यात मला अर्थ दिसत नाही. झोत वाढणार असतील तर तेहास कॅम्प पाहा. पाइन स्प्रिंग्सहून साडेपाच मैल, म्हणजे अंतर जास्त, पण कडा ओलांडून वाट आत उतरते आणि तंबू झाडांत, खोलगट जागी लागतो. वाटेवरचा पाइन टॉप कॅम्प जवळ, ४.२ मैलांवर आहे, पण तो माथ्याच्या कडेला आहे. नावात पाइन आहे म्हणून तिथे वारा लागत नाही असं समजू नका. झाडीत तंबू लावताना आधी वर बघा. वाळलेलं, कललेलं झाड किंवा अडकलेली फांदी वाऱ्याच्या बाजूला असेल तर जागा बदला.

परमिट कॅम्पनिहाय मिळतं, जिथलं मिळालं तिथेच राहायचं. त्यामुळे शिखराच्या कॅम्पचं परमिट घेऊन मनाने तेहासला जाता येत नाही. पोचल्यावर पाइन स्प्रिंग्सच्या व्हिजिटर सेंटरमध्ये सरळ विचारा की आमचा बेत असा होता, अंदाज असा दिसतोय, दुसरीकडे जागा आहे का. रेंजरना हा प्रश्न रोजचा आहे.

तिसरा बेतही आधीच तयार ठेवा आणि त्याला हरल्याचा शिक्का मारू नका. शिखर आणि मुक्काम या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. दोन दिवसांतला कमी वाऱ्याचा दिवस निवडायचा, हलकी सॅक घ्यायची आणि शिखर एका दिवसात करून यायचं. जाऊन-येऊन साडेआठ मैलांच्या आत, चढ ३,००० फूट, सहा ते आठ तास. उरलेल्या दिवशी मॅककिट्रिक कॅन्यनमध्ये भटकायचं, तिथे दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे वारा बराच कमी जाणवतो. हवामान अगदीच बिघडलं तर सुमारे ४० मैलांवर न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाड कॅव्हर्न्स आहेत. गुहेच्या आत वर्षभर ५६ अंश, वर काहीही चालू असो. प्रवेशाची वेळ मात्र आधी आरक्षित करावी लागते. आणि एक सांगतो, त्या गुहा आणि तुमचा डोंगर एकाच प्राचीन प्रवाळभिंतीचे भाग आहेत. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. शिखराजवळचा एल कॅपिटन हा उभा कडा म्हणजे त्या भिंतीचं उघडं पडलेलं टोक.

त्या चुनखडीचा तुमच्या सॅकशी थेट संबंध आहे. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी वर थांबत नाही, आत मुरतं. आपल्या बेसॉल्टमध्ये खोदलेल्या टाक्यांत पाणी टिकतं, म्हणून राजगडावर पद्मावतीला उतरलं की पाण्याची चिंता मिटते. इथे वरच्या दहाही कॅम्पांवर पाणी नाही. झरा नाही, नळ नाही, पायथ्याला मामांचं घर नाही. फिल्टर घेऊन जाल तर ते वजन फुकट.

पार्कचा, म्हणजे ग्वादालूप माउंटन्स नॅशनल पार्कचा, सल्ला माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. तुम्ही पहिल्या दिवशी दुपारी चढणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली येणार असाल, तर मार्चच्या थंड हवेत माणशी ६ लिटर ही माझी किमान मर्यादा, तेहासला जाणार असाल तर ७. तिघांचे १८ लिटर म्हणजे १८ किलो. मुलीला ४ द्या, उरलेले १४ तुम्ही दोघांनी वाटून घ्या. ‘थंडी आहे, तहान लागणार नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. हवा इतकी कोरडी असते आणि वारा घाम इतक्या लवकर उडवतो, की घाम आलेला कळतच नाही. निघण्यापूर्वी गाडीपाशी प्रत्येकाने अर्धा-पाऊण लिटर पिऊन घ्या; पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही. गाडीत परतीसाठी वेगळं पाणी ठेवा. सगळं पाणी एकाच नळीवाल्या पिशवीत भरू नका. ती काट्याने फाटली तर संपलं, आणि रात्री नळी गोठते. लिटर-लिटरच्या साध्या बाटल्या बऱ्या. झोपताना त्या उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी बुचाकडची बाजू मोकळी राहते. एक बाटली स्लीपिंग बॅगेत घ्या.

पाण्याचा हिशेब नीट केला की जेवणाचा बेत आपोआप बदलतो. गरम पाणी घालून फुलवायची पाकिटं ट्रेकला हलकी म्हणून घेतली जातात. कोरड्या कॅम्पवर त्यांचं सगळं पाणी तुम्हीच वाहून नेलेलं असतं, मग हलकी कसली? त्यापेक्षा तयार खाणं न्या: धपाटे, दशम्या, तूप-गूळ, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा. रात्री फक्त सूप किंवा चहा. हे बोलायला बरं वाटतं म्हणून सांगत नाही, ४५ मैलांच्या झोतात स्टोव्ह पेटवणं ही शिक्षा असते, आणि पेटला नाही तरी पोट भरलं पाहिजे. शेकोटीला पार्कमध्ये सक्त मनाई आहे, कोळसाही नाही. बंद डब्यातल्या गॅसचा स्टोव्ह चालतो. वारा फार आहे म्हणून तो तंबूच्या आत कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात: सुती काही नको, अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, कॅम्पवर बसायला पिसांचं जाडजूड जाकीट. टोपी आणि हातमोजे प्रत्येकाचे वेगळे. ३० अंश फॅरनहाइटला ४० मैलांचा वारा सुटला तर अंगाला ते १३ अंशांसारखं लागतं, सेल्सिअसमध्ये उणे १० च्याही खाली. स्लीपिंग बॅग घेताना ‘कम्फर्ट’चा आकडा बघा, ‘लिमिट’चा नाही, २० फॅरनहाइट कम्फर्टची असेल तर निर्धास्त झोपाल. खालची मॅट तितकीच महत्त्वाची. फुगवायची मॅट असेल तर जागा हाताने झाडून घ्या. लेचुगिया नावाचं घायपाताच्या कुळातलं काटेरी झुडूप इथे सगळीकडे आहे. त्याचं टोक सुईसारखं असतं, मॅटच काय, पिंडरीतही शिरतं.

तंबू लावण्याआधी वाऱ्याची दिशा बघा आणि अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे करा. पिशवीतून तंबू काढल्याबरोबर, उलगडण्याआधी, एक कोपरा पेग मारून अडकवा आणि आत सॅक टाका. तंबू उडून कड्याखाली गेला तर रात्र तिथेच संपते. जमीन टणक आणि खडकाळ आहे, पेग पूर्ण जात नाहीत, म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळा. सगळ्या दोऱ्या ताणा. उन्हाळी ट्रेकला आपण त्या पिशवीतच ठेवतो, तशा ठेवू नका. घरामागच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये एकदा तंबू उभा करून बघा, तोही मुलीला करू द्या.

बर्फाचं काय? बर्फ किंवा गोठणारं धुकं येतं ते बहुधा उत्तरेकडून थंड हवेचा लोट उतरून वारा पूर्वेचा झाला की. ओलसर हवा उतारावरून वर चढते आणि ढग थेट डोंगरावर बसतो. पायथ्याच्या रस्त्यावर नुसतं धुकं असतं, वर मात्र झाडाच्या काडीकाडीवर पांढरा थर. शिखराच्या वाटेचा पहिला दीड मैल उभ्या नागमोडी चढाचा आणि उघडा आहे. पुढे वाट उत्तरेच्या सावलीत वळते, तिथे मार्चमध्येही बर्फ कडक होऊन राहतो. बाजूला खोल दरी आहे. अंदाजात पूर्वेचा वारा, ढग आणि गोठणबिंदूखालचं तापमान एकत्र दिसलं तर शिखर सोडा. रेंजरला वाटेवरच्या बर्फाबद्दल विचारायचं विसरू नका. विजांचं भय मार्चमध्ये कमी, ते जुलै ते सप्टेंबरच्या दुपारांचं. तरी गडगडाट ऐकू आला तर माथ्यावर थांबू नका.

वेळेचा घोळ हा इथला खास प्रकार. टेक्ससचा बहुतेक भाग सेंट्रल टाइमवर चालतो, हे पार्क माउंटन टाइमवर, एक तास मागे. फोन कधी हा टॉवर पकडतो, कधी तो. त्यात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात. मनगटी घड्याळ पार्कच्या वेळेला लावा आणि फोनकडे पाहू नका. मार्चच्या मध्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. ओझ्यासह कॅम्पपर्यंत चार तास धरा. म्हणजे दुपारी एकनंतर शिखराच्या कॅम्पसाठी, आणि अकरानंतर तेहाससाठी, वाट धरायची नाही. डॅलसहून पहाटे निघून त्याच दिवशी चढण्याचा बेत म्हणूनच मला मान्य नाही. आदल्या रात्री व्हॅन हॉर्नला किंवा कार्ल्सबाड गावात राहा. पेट्रोल तिथेच पूर्ण भरा, पार्कमध्ये पंप नाही, खायलाही काही मिळत नाही. जवळचा पंप व्हाइट्स सिटीला, ३५ मैलांवर.

मुलीबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं. १६ वर्षांची, राजगड केलेली मुलगी हे चालून जाईल, चालण्याची काळजी नाही. पण ‘परत फिरूया’ म्हणायचा अधिकार तिघांनाही सारखा द्या. एकाने म्हटलं की वाद नाही, फिरायचं. तरुण पोरं आईबाबांचा हिरमोड नको म्हणून थंडी वाजत असली तरी गप्प बसतात. ओठ थंड पडून बोलणं अडखळायला लागलं, साधी चेन लावता येईना, तर ती थंडी शरीरात शिरल्याची खूण आहे. तेव्हा कोरडे कपडे, गोड खाणं, स्लीपिंग बॅग, सगळं लगेच, कॅम्पवर पोचेपर्यंत वाट न बघता.

फोनला रेंज मिळेलच असं नाही. घरच्या किंवा मित्राच्या हातात एक चिठ्ठी ठेवा: कोणता कॅम्प, गाडीचा नंबर, खाली यायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पार्कला फोन करायचा. बेत बदलला तर पायथ्यावरूनच त्याला कळवा, नाहीतर शोध चुकीच्या डोंगरावर सुरू होईल.

आता या पाच दिवसांचं वेळापत्रक. आज परमिट आणि व्हॅन हॉर्नची, पैसे न कापता रद्द करता येईल अशी खोली बघा. तीन दिवस आधी फक्त कमी दाबाचा पट्टा पुढेमागे सरकतोय का ते पाहा. सरकत असेल तर शिखराचा दिवस बदला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी झोतांचा आकडा कागदावर लिहा आणि वर सांगितलेल्या मर्यादांशी ताडून कॅम्प ठरवा. चढण्याच्या दिवशी सकाळी पाइन स्प्रिंग्सच्या हवामान केंद्राची तासातासाची नोंद बघा. खिंडीत प्रत्यक्ष झोत अंदाजापेक्षा दहा मैलांनी जास्त दिसले, तर एक पायरी खालचा बेत धरा: शिखराच्या कॅम्पऐवजी तेहास, तेहासऐवजी दिवसाचा ट्रेक. आणि व्हिजिटर सेंटरच्या दारासमोर गाडीचं दार उघडताना ते हातातून सुटत असेल, तर कार्ल्सबाडच्या गुहेची वेळ आरक्षित करायला घ्या.